लाल वीट, सिमेंट आणि नदीची वाळू : घर बांधायला पर्याय काय आहेत आणि ते खरंच ‘ग्रीन’ आहेत का?

घर बांधायला काढलं की पहिल्या आठवड्यातच काही प्रश्न समोर येतात. भिंतीला लाल वीट लावायची की ब्लॉक? सिमेंट ५३ ग्रेडचं घ्यायचं की पीपीसी? वाळू नदीचीच हवी की क्रश सँड चालेल? बहुतेक घरांत याची उत्तरं कॉन्ट्रॅक्टर देतो, नाहीतर नुकतंच घर बांधलेले पाहुणे देतात.

त्यात आता ‘ग्रीन’ या शब्दाची भर पडली आहे. ब्लॉक ग्रीन, सिमेंट ग्रीन, बिल्डरच्या जाहिरातीतला अख्खा टॉवर ग्रीन. पण एखादी वस्तू ग्रीन आहे म्हणजे नेमकं काय? ती स्वस्त असते का, टिकते का, उन्हाळ्यात घर थंड ठेवते का? आणि लाल विटेत असं काय वाईट आहे की ती सोडून द्यावी?

एकेक करून समजून घेऊ.

आधी प्रश्न समजून घ्या : सिमेंट, वीट आणि वाळू

सुरुवात सिमेंटपासून. १८२४ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. आज जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साईडपैकी साधारण ७ ते ८ टक्के वायू एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. सिमेंटच्या उत्पादनात चीननंतर भारताचा दुसरा नंबर लागतो.

कारखान्यात कोळसा जाळतात म्हणून हे होतं, असं वाटेल. तो अर्धाच भाग आहे. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. तापताना चुनखडीचे दोन भाग होतात. चुना खाली उरतो आणि तिच्यात अडकलेला कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो. शुद्ध चुनखडी १०० किलो असेल तर त्यातून ४४ किलो वायू निघतो. भट्टी उद्या पूर्णपणे सौर ऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो निघणारच. म्हणजे नुसतं इंधन बदलून सिमेंट सुधारत नाही, त्यातली चुनखडीच कमी करावी लागते.

दुसरी, लाल वीट. एका विटेचं वजन तीन किलोच्या आसपास असतं, म्हणजे हजार विटांमागे साधारण तीन टन माती लागते. ही माती बहुतेक वेळा शेताच्या वरच्या थरातून येते. पीक येतं तेही याच थरात, आणि तो तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. भट्टी पेटवायला कोळसा, लाकूड, भुसा जाळावा लागतो तो वेगळाच. भट्टीवर राबायला येणारी कुटुंबं सहा-सहा महिने घर सोडून राहतात आणि मुलांची शाळा सुटते, हाही त्या विटेचाच खर्च आहे. तो बिलात दिसत नाही इतकंच.

तिसरी, नदीची वाळू. नदीतली वाळू स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. ती उपसली की नदीकाठच्या विहिरींची पातळी खाली जाते, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात. बेसुमार उपशामुळे प्रश्न इतका वाढला की फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात लहान क्षेत्रावरच्या वाळू उत्खननालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. त्यानंतर घाटांचे लिलाव रखडत गेले, वाळू महाग झाली आणि चोरटा उपसाही वाढला.

थोडक्यात, तीन वस्तू आणि तीन वेगवेगळ्या अडचणी. त्यामुळे एकच जादूचं साहित्य तिन्ही अडचणी सोडवेल असं होत नाही. प्रत्येकीचे पर्याय वेगळे आहेत.

राखेची वीट : विदर्भाला सर्वात जवळचा पर्याय

भारतातल्या कोळशात राखेचं प्रमाण खूप असतं. १०० किलो कोळसा जाळला की साधारण ३० ते ४५ किलो राख उरते. चिमणीतून उडून जाण्याआधी यंत्राने पकडलेली बारीक राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, एकलहरे या महाराष्ट्रातल्या औष्णिक वीज केंद्रांतून वर्षानुवर्षं ही राख निघते आहे.

न वापरलेली राख पाण्यात कालवून मोठ्या तलावांमध्ये सोडतात. उन्हाळ्यात ती वाऱ्याबरोबर उडते आणि आजूबाजूच्या गावांत घराघरांत बसते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राख मिसळलेलं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. ही राख कुठे जाणार, हा या गावांसाठी रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

म्हणून केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा बनवताना मातीत किमान २५ टक्के राख मिसळावी, असा नियम आला. पुढे हे अंतर आधी १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झालं. त्याच वर्षी राखेच्या वापराचं स्वतंत्र धोरण आणणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य ठरलं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार, न वापरलेल्या राखेसाठी वीज कंपन्यांवर टनामागे १००० रुपयांचा दंड ठेवला गेला.

ही वीट बनते कशी? राख, वाळू किंवा क्रशरची चुरी आणि जोडीला सिमेंट, किंवा चुना आणि जिप्सम. हे मिश्रण यंत्रात दाबून वीट पाडतात आणि मग तिच्यावर पाणी मारतात किंवा वाफ देतात. भट्टी लागत नाही. चुना आणि जिप्समची पद्धत विशाखापट्टणमचे एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास यांनी ‘फॅल-जी’ या नावाने रूढ केली. छोट्या गावातला छोटा कारखानाही ती वापरू शकतो, म्हणून ती पसरली.

फायदा काय? वीट सरळ धारेची आणि एकसारख्या मापाची येते, त्यामुळे सांध्यात मसाला आणि भिंतीवर प्लास्टर कमी लागतं. शेतातली माती वाचते.

तोटा काय? सगळं उत्पादकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. सिमेंट वाचवलेली किंवा पुरेसं पाणी न मारता चार दिवसांत बाजारात आणलेली वीट हातात धरली तरी कोपरे झडतात. चुन्यावर केलेल्या राखेच्या विटेसाठी आयएस १२८९४ आणि सिमेंटवर केलेल्या विटेसाठी आयएस १६७२० हे भारतीय मानक आहे. आयएस १२८९४ नुसार वीट २४ तास पाण्यात ठेवली तर तिने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिता कामा नये. घरी वजनकाटा असेल तर ढोबळ अंदाज कुणीही घेऊ शकतं. कोरडी वीट तीन किलोची असेल आणि भिजल्यावर तीन किलो सहाशे ग्रॅमच्या वर गेली, तर ती वीट नको.

एएसी ब्लॉक : स्वीडनहून पुण्यात आलेला हलका ब्लॉक

शहरातल्या नव्या इमारतींत पांढरट-करड्या रंगाचे मोठे ब्लॉक दिसतात, ते एएसी ब्लॉक. १९२० च्या दशकात स्वीडनचे वास्तुरचनाकार योहान अ‍ॅक्सल एरिक्सन यांनी हे तंत्र शोधलं. महाराष्ट्रात मात्र बरेच गवंडी याला आजही ‘सिपोरेक्स’ म्हणतात. ते मूळचं स्वीडिश कंपनीचं ब्रँड नाव. बी. जी. शिर्के यांच्या कंपनीने ते सत्तरच्या दशकात पुण्यात आणलं आणि झेरॉक्ससारखं ते नावच वस्तूला चिकटलं.

राख किंवा बारीक दळलेली वाळू, सिमेंट, चुना आणि पाणी यांच्या घोळात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड टाकतात. तिची चुन्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं. मग तारेने त्याचे ब्लॉक कापतात आणि बंद टाकीत दाबाखाली गरम वाफेत काही तास ठेवतात. तयार ब्लॉकमध्ये बारीक बारीक हवेची छिद्रं असतात.

या छिद्रांमुळे दोन गोष्टी होतात. पहिली, वजन कमी होतं. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि सहा इंच जाडीची भिंत लाल विटेची असेल तर वजन साधारण अडीच टन भरतं. तीच भिंत एएसी ब्लॉकची असेल तर एक टनाच्याही आत. वीस मजल्यांच्या इमारतीत हा फरक मोठा होतो. कॉलम, बीम आणि पाया यांच्यावरचा भार घटला की सिमेंट आणि सळईही कमी लागते.

दुसरी, उष्णता आत शिरायला वेळ लागतो. विटेच्या तुलनेत एएसी ब्लॉकमधून उष्णता साधारण एक तृतीयांश वेगाने जाते. घरांच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा ठरवणारी ‘इको निवास संहिता’ केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये आणली. ती पाळायची तर असे ब्लॉक उपयोगी पडतात.

पण इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अकोला किंवा चंद्रपूरमध्ये बैठं घर असेल किंवा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल, तर सर्वात जास्त ऊन छतावर पडतं. भिंती एएसीच्या केल्या आणि स्लॅब उघडाच ठेवला तर खोली तापणारच. अशा घरात छताला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चायना मोझॅक हा खर्च आधी करावा.

एएसी भिंतीला तडे जातात, ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेक वेळा कारण ब्लॉकपेक्षा बांधण्याच्या सवयीत असतं. लाल वीट बांधण्याआधी पाण्यात बुडवून ठेवायची, हे गवंड्याच्या हातात बसलेलं आहे. एएसी ब्लॉक बुडवायचा नसतो, वरून नुसतं पाणी शिंपडायचं असतं. तो भिजला की फुगतो, वाळला की आक्रसतो आणि सांध्यावर तडा येतो. कॉलम आणि भिंत जिथे मिळतात तिथे प्लास्टरआधी जाळी मारावी लागते. बाथरूमच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग नीट हवं. गीझर किंवा जड कपाट टांगायला साधा खिळा चालत नाही, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात.

आणखी एक गोष्ट. एएसी ब्लॉक साधारणपणे आरसीसी सांगाड्यात भिंत भरायला वापरतात. कॉलम न घेता भिंतीवरच स्लॅब टाकायचा असेल, तर इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय तो वापरू नका.

सिमेंटमध्ये काय बदलतंय?

बाजारात ओपीसी आणि पीपीसी असे दोन मुख्य प्रकार मिळतात. ओपीसी जवळपास पूर्ण क्लिंकरचं असतं. क्लिंकर म्हणजे भट्टीतून निघालेले खडे, आणि प्रदूषण तिथेच होतं. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसात ते साडेसतरा किलो राख. पीएससी हा तिसरा प्रकार. त्यात पोलाद कारखान्यातली मळी, म्हणजे स्लॅग, २५ ते ७० टक्क्यांपर्यंत असते. खाऱ्या हवेला आणि पाण्याला ते चांगलं तोंड देतं, म्हणून किनारपट्टीवर त्याला मागणी आहे.

‘राख मिसळलेलं सिमेंट म्हणजे भेसळ’ हा समज अजूनही आहे. तो चुकीचा आहे. पीपीसीची ताकद हळूहळू वाढते, पण काँक्रीट जास्त घट्ट होतं आणि पाणी कमी झिरपतं. अट एकच, पाणी जास्त दिवस मारायला हवं. आयएस ४५६ नुसार ओपीसीच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं, तर राख किंवा स्लॅग असलेल्या सिमेंटला किमान १० दिवस. हवा कोरडी आणि कडक उन्हाची असेल तर हेच आकडे १० आणि १४ दिवस होतात. मराठवाड्यात एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर स्लॅब टाकणाऱ्या कुटुंबासाठी हे चार दिवस म्हणजे रोख पैसे आहेत. तरी ते वाचवले तर ग्रीन सिमेंटचा फायदा तर जातोच, स्लॅबही कच्चा राहतो.

आता नवा पर्याय. राखेला एक मर्यादा आहे. कोळशाची वीज केंद्रं कमी झाली की राखही कमी होणार. म्हणून स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या ईपीएफएल या संस्थेच्या कॅरेन स्क्रिव्हनर यांनी क्युबातल्या आणि भारतातल्या शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन एलसी-३ नावाचं सिमेंट विकसित केलं. भारतातून दिल्ली, मुंबई आणि मद्रास आयआयटी यात होत्या.

एलसी-३ मध्ये क्लिंकर फक्त निम्मं असतं. उरलेल्यात ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के कच्ची, म्हणजे न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. मातीला साधारण ७०० ते ८५० अंश उष्णता पुरते आणि तापवताना तिच्यातून कार्बन डायऑक्साईडऐवजी मुख्यतः पाण्याची वाफ निघते. त्यामुळे कार्बन उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. यासाठी लागणारी माती म्हणजे शेतातली माती नव्हे. चिनी मातीच्या खाणीत कमी दर्जाची म्हणून टाकून दिलेली, साधारण ४० टक्के केओलिनाईट असलेली मातीही चालते.

उत्तर प्रदेशातल्या झाशीजवळ एलसी-३ वापरून एक प्रायोगिक घर बांधलं गेलं. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १८१८९ हे मानक आणलं, त्यामुळे ते अधिकृतपणे विकण्याचा मार्ग खुला झाला. गल्लीतल्या दुकानात ते सगळीकडे दिसायला अजून वेळ आहे. तोपर्यंत साध्या घरासाठी पीपीसी हा हाताशी असलेला चांगला पर्याय आहे.

क्रश सँड : नदी वाचते, पण डोंगर?

महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. हाच दगड क्रशरमध्ये फोडून वाळूच्या मापाचा केला की क्रश सँड किंवा एम सँड तयार होते. २०१६ च्या आयएस ३८३ या मानकात नैसर्गिक वाळूबरोबर तिलाही जागा आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं आणि सरकारी कामांत ती वापरण्यावर भर दिला.

इथे फसगत एकाच ठिकाणी होते. खडी फोडताना उरणारी ‘डस्ट’ आणि खास यंत्रावर दाणे गोलसर करून, बारीक पावडर धुऊन काढलेली क्रश सँड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डस्टमध्ये चपटे दाणे आणि पावडर जास्त असते. ती वापरली की मिश्रणाला पाणी जास्त लागतं आणि काँक्रीट कमजोर होतं. ब्रासमागे थोडे पैसे वाचतात म्हणून अनेक ठिकाणी डस्टच खपवली जाते. काचेच्या ग्लासात वाळू आणि पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा. वाळूवर पावडरीचा जाड थर बसला तर ती परत पाठवा. प्लास्टरसाठी आणखी बारीक, वेगळी वाळू मिळते, तीच मागा.

नदी वाचते हे खरं, पण दगड कुठून तरी येतोच. खाणीजवळच्या गावांना धूळ, सुरुंगाचे हादरे आणि पोखरलेले डोंगर मिळतात. त्यामुळे क्रश सँड ‘कमी वाईट’ आहे इतकंच म्हणता येतं.

राडारोडा पुन्हा वापरता येतो का?

पुण्या-मुंबईत जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचा वेग मोठा आहे. पाडकामाचा राडारोडा रात्रीत नदीपात्रात किंवा खाडीत पडलेला दिसतो. खरं तर तो कच्चा माल आहे. काँक्रीट फोडून, चाळून त्याची खडी आणि वाळू करता येते. दिल्लीत बुराडी इथे २००९ पासून असा प्रकल्प चालतो. २०१६ मध्ये यासाठी देशभर नियम आले.

मर्यादा अशी की आयएस ३८३ नुसार अशी खडी आरसीसी कामात एम-२५ ग्रेडपर्यंत आणि २० टक्क्यांपर्यंतच वापरता येते. मात्र पायाखालच्या साध्या काँक्रीटमध्ये ती १०० टक्केही चालते. पेव्हर ब्लॉक, कंपाउंडची भिंत, पार्किंगची जमीन या जागा तिच्यासाठी योग्य आहेत.

माती, जांभा, बांबू : जुनं ते सगळंच सोनं का?

सोशल मीडियावर मातीच्या घरांचे व्हिडिओ खूप चालतात. ती घरं सुंदर असतात, थंड असतात. पण महाराष्ट्राने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. बहुतेक मृत्यू दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद कोसळून झाले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र धरणारे आडवे दगड नव्हते, चारही भिंतींना बांधणारा पट्टा नव्हता, आणि छतावर वर्षानुवर्षं थापलेल्या मातीचं ओझं होतं. साहित्य स्थानिक होतं, नैसर्गिक होतं. बांधणी चुकीची होती.

आज मातीत बांधायचं तर तंत्र उपलब्ध आहे. मातीत साधारण ५ ते १० टक्के सिमेंट किंवा चुना मिसळून दाबयंत्रात ब्लॉक पाडतात. ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने यात मोठं काम केलं आहे आणि आयएस १७२५ हे मानकही आहे. मात्र काळी, फुगणारी कापसाची माती यासाठी चालत नाही. त्यामुळे आधी मातीची तपासणी, मग निर्णय.

कोकण आणि गोव्यात जांभा आहे. खाणीत असताना तो करवतीने कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी त्याला लॅटराईट हे नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. रत्नागिरीत चिऱ्याचं घर बांधताना वीटही भाजावी लागत नाही आणि वाहतूकही थोडी असते. तोच चिरा ट्रकने घाट चढवून पुण्याच्या बंगल्याला शोभेसाठी लावला, तर डिझेल वाढतं आणि त्याचं ग्रीनपण कमी होतं. शिवाय, काम संपल्यावर उघड्या टाकलेल्या चिरेखाणी पावसात भरतात आणि धोकादायक ठरतात.

बांबूचं तसंच. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर आला, त्यामुळे शेतकऱ्याला तो तोडणं आणि विकणं सोपं झालं. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये बांबूचा २०० मीटर लांबीचा सुरक्षा कठडा बसवला गेला. पण कच्चा, प्रक्रिया न केलेला बांबू भुंगेरे पोखरतात. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेला आणि पावसापासून झाकलेला बांबूच टिकतो.

मग ग्रीन कशाला म्हणायचं?

कुठलंही साहित्य नुसत्या नावावरून ग्रीन ठरत नाही. चार गोष्टी पाहाव्या लागतात.

• ते किती लांबून आलं? चंद्रपुरात राखेची वीट आणि सावंतवाडीत चिरा ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. त्यांची अदलाबदल केली तर दोन्ही चुकतात.

• ते कशाऐवजी वापरलं? शेतातली माती वाचली, की फक्त जाहिरातीत एक ओळ वाढली?

• ते किती वर्षं टिकेल? पंधरा वर्षांत गळून दुरुस्तीला आलेली भिंत दोनदा बांधावी लागते, आणि तिचं प्रदूषणही दोनदा होतं.

• ते किती लागलं? केरळमध्ये काम केलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडत. या ‘रॅट ट्रॅप’ पद्धतीत साधारण २० ते २५ टक्के विटा वाचतात, आणि पोकळीमुळे खोलीही थंड राहते. वस्तू तीच, लाल वीट. फक्त कमी लागली.

या शेवटच्या मुद्द्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. गरज नसलेली एक खोली न बांधणं, किंवा जुन्या घराचं सागवान, दारं आणि फरशा पुन्हा वापरणं, यातून जे वाचतं ते कोणत्याही महागड्या ग्रीन ब्लॉकमधून वाचत नाही.

बांधताना किंवा फ्लॅट घेताना काय विचाराल?

१. वीट किंवा ब्लॉक कोणत्या मानकाचा आहे आणि त्याचा लॅब रिपोर्ट आहे का?

२. कारखाना साईटपासून किती किलोमीटरवर आहे?

३. सिमेंट ओपीसी की पीपीसी? गोणीवर प्रकार आणि पॅकिंगचा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी तपासणीशिवाय घेऊ नका.

४. स्लॅबला किती दिवस पाणी मारणार आणि ते पाणी कुठून येणार? हे काम सुरू होण्याआधी ठरवा.

५. गवंड्याने याआधी एएसीचं काम केलंय का? ते काम दोन पावसाळ्यांनंतर कसं दिसतंय, हे जाऊन बघा.

६. वाळू आली की ग्लासातली परीक्षा करूनच ट्रक रिकामा करू द्या.

७. फ्लॅट घेत असाल आणि बिल्डर ‘ग्रीन बिल्डिंग’ म्हणत असेल, तर गृह किंवा आयजीबीसीचं प्रमाणपत्र मागा. ते फक्त नोंदणीचं आहे, आराखड्याचं आहे की बांधून झालेल्या इमारतीचं आहे, हे वाचा. तिन्हींत फरक असतो.

८. छताला काय केलंय? भिंतीबद्दल सगळे सांगतात, छताबद्दल विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

यातल्या बहुतेक प्रश्नांना पैसे लागत नाहीत. मात्र ते काम सुरू होण्याआधी विचारावे लागतात. एकदा प्लास्टर चढलं की आत काय घातलंय ते दिसत नाही, आणि घर पुढची पन्नास वर्षं त्याच्याच आधारावर उभं राहतं.